मागची काच

आपल्या मराठी घरांत बांगडी कधी फुटत नाही; ती ‘वाढते’. काचेसारख्या ठिसूळ वस्तूविषयीसुद्धा अभद्र शब्द तोंडातून जाऊ नये, ही त्यामागची जुन्या बायकांची भावना. मोटारगाडीच्या काचेला हा मान अद्याप मिळालेला नाही. ती सरळ फुटते, आणि ती फुटली की घरातील लहानथोर साऱ्यांच्या तोंडून जे शब्द बाहेर पडतात, त्यांना शुभ म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. या महिन्यात आम्ही वाचकांशी बोलणार आहोत ते गाडीच्या मागच्या काचेविषयी, आणि ती बसविण्यासाठी हल्ली थेट आपल्या दारी येणाऱ्या एका नव्या कारागिराविषयी.

विषय क्षुल्लक वाटेल. पण तो आता घरोघरचा झाला आहे. इंदूर-बडोद्यापासून हैदराबाद-बंगळूरपर्यंत विखुरलेल्या आपल्या कुटुंबांत एखादे चारचाकी वाहन असणे, ही पूर्वीसारखी अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. मोठ्या शहरात काच फुटली तर चार गल्ल्यांपलीकडे काचेचे दुकान सापडते. आमच्या आदिलाबादसारख्या ठिकाणची गोष्ट निराळी. हे गाव श्रीनगर-कन्याकुमारी या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वर वसलेले आहे. उत्तरेला थोड्या अंतरावर पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. नागपूर येथून सुमारे २०० किलोमीटर आणि हैदराबाद सुमारे ३००. पंक्चर काढणारा, बॅटरी भरून देणारा, ब्रेक दुरुस्त करणारा असे मिस्त्री येथे हाकेच्या अंतरावर मिळतात. पण विशिष्ट गाडीची विशिष्ट काच आणि ती शास्त्रशुद्ध बसविणारा हात मात्र दोन महानगरांच्या मधल्या या पोकळीत सहज मिळत नाही. ‘अडला हरी’ व्हायला एवढी परिस्थिती पुरेशी आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मेहुण्यांवर हा प्रसंग आला. कापसाचा हंगाम ऐन भरात होता. या दिवसांत आदिलाबादच्या कापूस बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि कापसाने फुगलेल्या ट्रॉल्या यांची अशी दाटी होते, की पायी चालणाऱ्यालाही वाट शोधावी लागते. मेहुण्यांची गाडी कडेला उभी होती. मागे सरणाऱ्या एका ट्रॉलीतून बाहेर आलेल्या लोखंडी गजाचे टोक तिच्या मागच्या काचेला लागले. आघात मोठा नव्हता. पण डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सारी काच पांढरीफटक पडली आणि क्षणार्धात तिचा चुरा डिकीत व मागच्या आसनावर येऊन पडला. ट्रॉलीवाला शेतकरी भांबावून हात जोडून उभा राहिला. त्याच्याशी भांडून काच परत येणार नव्हती. हा सोमवार होता. गुरुवारी सकाळी दहा वाजता आमच्या सासूबाईंना नागपूरला नेत्रतज्ज्ञांकडे न्यायचे होते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंच्या डोळ्याच्या पडद्याला ठरावीक अंतराने इंजेक्शन द्यावे लागते. ती तारीख टळली तर उरलीसुरली दृष्टी धोक्यात येते, असे डॉक्टरांनी बजावलेले होते.

पुढे काय झाले हे सांगण्यापूर्वी त्या चुऱ्याविषयी थोडे बोलले पाहिजे; कारण काचेचा स्वभाव कळल्याखेरीज काच बसविणाऱ्याची कदर कळत नाही.

बहुतेक गाड्यांच्या मागच्या व बाजूच्या काचा ‘टफन्ड’ म्हणजे कठीण केलेल्या असतात. काच आधी हव्या त्या आकारात कापतात, कडा घासतात, मग ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून तिच्यावर दोन्ही बाजूंनी थंड हवेचे जोरदार झोत सोडतात. बाहेरचा थर तत्काळ निवतो आणि घट्ट होतो. आतला मागाहून निवताना आक्रसू पाहतो. त्यामुळे बाहेरचा थर कायमचा दाबाखाली आणि आतला कायमचा ताणाखाली राहतो. ही ओढाताणच त्या काचेचे बळ होय. साध्या काचेपेक्षा ती कितीतरी अधिक मार सोसते. परंतु तो दाबाचा थर एकदा कोठे भेदला गेला, विशेषतः कडेपाशी, की कोंडलेला सगळा ताण एकदम मोकळा होतो आणि साऱ्या काचेचे बारीक, बोथट दाणे होतात. साध्या काचेच्या सुऱ्यांसारख्या धारदार फाकी होतात, तशा येथे होत नाहीत, हाच तिचा गुण. फुटली तरी ती माणसाला कापून काढत नाही.

या गुणधर्माचे कुतूहल जुने आहे. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात सोडला, तर बेडकाच्या पिलासारखा एक शेपटीवाला थेंब तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो फुटत नाही; पण शेपटीचे टोक मोडले की सबंध थेंबाचे पीठ होते. इंग्लंडच्या राजाने १६६१ साली असे थेंब लंडनच्या रॉयल सोसायटीतील विद्वानांकडे परीक्षेसाठी पाठविले होते. प्रिन्स रूपर्ट या राजपुत्राने ते इंग्लंडात आणले, म्हणून त्याचेच नाव त्यांना पडले. आमच्या मेहुण्यांच्या गाडीत सोमवारी जे घडले, ते त्या थेंबाच्या शेपटीचेच मोठे रूप होते.

पुढची काच या जातीची नसते. ती काचेच्या दोन पातळ तक्त्यांमध्ये लवचीक पारदर्शक पापुद्रा दाबून केलेली असते. एदुआर बेनेदिक्तस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून १९०३ साली एक काचपात्र खाली पडले. ते तडकले, पण विखुरले नाही, कारण त्याच्या आतल्या बाजूस वाळलेल्या द्रवाचा पापुद्रा राहिला होता. त्यावरून सुचलेल्या काचेचे एकस्व त्याने १९०९ साली घेतले. पुढच्या काचेला दगड लागला तर ती जागच्या जागी तडकते आणि चालकाला काही अंतर तरी समोरचे दिसत राहते. लहानसा तडा असेल तर त्यात राळेसारखे द्रव्य भरून काच वाचविताही येते. मागच्या काचेला ही सवलत नाही. ती एकतर अखंड असते, नाहीतर नसतेच. शिवाय एकदा कठीण केलेली काच नंतर कापता किंवा भोक पाडता येत नाही. तसे करू गेल्यास तीही दाणेदाणे होऊन जाते. म्हणून गावातल्या आरसेवाल्याने ‘माप द्या, कापून देतो’ म्हटले तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. त्याची काच साधी असणार, आणि ती गाडीत बसविणे म्हणजे मुलाबाळांच्या मानेमागे सुऱ्या टांगून ठेवण्यासारखे आहे. वाहनांच्या काचा सुरक्षित जातीच्याच असाव्यात, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीही बंधनकारक केले आहे.

तेव्हा नेमक्या त्या गाडीची काच कोठून तरी आणणे एवढाच मार्ग उरला. मेहुण्यांनी ठिकठिकाणी दूरध्वनी फिरविले. एका ठिकाणी आठवडा-दहा दिवसांची मुदत मिळाली. दुसऱ्या ठिकाणी ‘गाडी घेऊन या’ असे सांगितले गेले. म्हणजे मागून उघडी गाडी घेऊन शे-दोनशे किलोमीटर चालविणे आले. हे करू नये. मागची बाजू उघडी असली म्हणजे धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेची जी पोकळी होते, तिच्यातून एंजिनाचा धूर आत ओढला जातो, आणि त्या धुरातला विषारी वायू वासाने कळत नाही. अखेर एका ओळखीच्याने निर्मल येथील एका तरुणाचा पत्ता दिला. हा आपल्या छोट्या गाडीत सारी हत्यारे घेऊन गावोगाव फिरतो आणि गिऱ्हाइकाच्या दारातच काच बसवून देतो. मंगळवारी त्याने मोबाईलवर गाडीची छायाचित्रे मागविली आणि इतके प्रश्न विचारले, की मेहुणे त्रासून गेले. गाडी कोणत्या वर्षाची, चासी क्रमांक काय, काचेवर बारीक आडव्या तपकिरी रेघा होत्या का, मागे वायपर होता का, वरचा लाल दिवा काचेत होता की पत्र्यात.

या प्रश्नांना अर्थ होता. त्या आडव्या रेघा शोभेच्या नसतात. चांदीचा अंश असलेला लेप काचेवर छापून तो भट्टीत पक्का केलेला असतो. वीज सोडली की रेघा तापतात आणि काचेवरचे धुके विरते. ही सोय असलेली आणि नसलेली अशा एकाच गाडीच्या दोन काचा असू शकतात, आणि भोक मागाहून पाडता येत नसल्याने वायपरची काचही निराळीच असते. प्रश्न न विचारता ‘आणतो साहेब’ म्हणणारा कारागीर चुकीची काच घेऊन येण्याची शक्यता फार.

काच हैदराबादहून रात्रीच्या बसने पार्सलात निघाली. ती बुधवारी सकाळी मिळावयाची होती, ती दुपारी मिळाली. तिसऱ्या प्रहरी तो तरुण दारात हजर झाला. वय तिशीच्या आत. बोलणे आमच्या जिल्ह्यातले, म्हणजे एका वाक्यात तेलुगू, हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषा गुण्यागोविंदाने नांदणारे. आल्याबरोबर त्याने गाडी अंगणातून काढून पत्र्याच्या पडवीखाली घ्यायला लावली. धूळ आणि वारा दोन्ही या कामाचे वैरी.

आम्ही खुर्ची टाकून शेजारी बसलो आणि जे पाहिले ते थोडक्यात सांगतो. पहिला पाऊण तास काचेला हातही लागला नाही. त्याने जाड हातमोजे चढविले, आसनांच्या खाचांतून, पट्ट्यांच्या कुलपांतून, डिकीच्या गालिच्याखालून चुरा शोषून काढला. दाराच्या कडेला पाणी वाहून जाण्याचे जे पन्हळ असते, तेही साफ केले. तेथे दाणे अडकले तर पाणी तुंबते आणि पत्रा सडतो. मग आतली आच्छादने अलगद उतरविली. चौकटीवरचे जुने चिकटद्रव्य धारदार पात्याने तासले. पण पत्रा उघडा पडेपर्यंत नव्हे. जुन्या द्रव्याचा पातळ थर त्याने मुद्दाम राखला. नव्याला धरायला तोच उत्तम पाया असतो. दोन ठिकाणी रंगावर ओरखडे होते, तेथे काळे प्राइमर लावले. नव्या काचेची कड पुसली, तिलाही प्राइमर लावले, आणि ते वाळेपर्यंत हात बांधून उभा राहिला.

जुन्या गाड्यांच्या काचा रबराच्या पट्टीत बसत. पट्टीच्या खोबणीत दोरी घालून, साबणाचे पाणी लावून, बाहेरून एकाने काच दाबावी आणि आतून दुसऱ्याने दोरी ओढीत जावी, म्हणजे रबराचा ओठ पत्र्यावर चढत जाई. अँबेसेडरच्या काळातील मिस्त्री हे काम लीलया करीत. आजच्या बहुतेक गाड्यांत काच पत्र्याला चिकटविलेलीच असते. ते द्रव्य पॉलियुरेथेन जातीचे. कारागीर त्याला नुसते ‘सिलंट’ म्हणतात. या तरुणाने नळी उघडण्यापूर्वी तिच्यावरील मुदतीची तारीख वाचली आणि आम्हांलाही दाखविली. मग पिचकारीने चौकटीभोवती एकसारखी, उभट, न तुटणारी धार ओढली. कोठेही धार तुटली तर तेथून पावसाळ्यात पाणी शिरते. एवढे झाल्यावर मात्र घाई असते, कारण काही मिनिटांत द्रव्यावर साय धरू लागते. रबरी वाट्यांनी काच उचलून त्याने ती मेहुण्यांच्या मदतीने जागेवर टेकविली, समतोल पाहून दाबली, आणि चिकटपट्ट्यांनी जखडून टाकली. तपकिरी रेघांची तार जोडून दिवा लावून पाहिला. काच आली होती तितक्याच निमूटपणे जागेवर बसली. तेव्हा साडेपाच वाजले होते.

आता खरा प्रसंग उभा राहिला. मेहुण्यांचा बेत त्याच पावली निघून नागपूरला नातलगांकडे मुक्काम करण्याचा होता. सामान भरून तयार होते. त्या तरुणाने गाडीची किल्ली देण्यापूर्वी सांगितले, “आज नका नेऊ. रातभर राहू द्या.”

मेहुणे तापट नाहीत. पण तीन दिवसांच्या दगदगीने त्यांचा धीर संपला होता. ते म्हणाले, “अहो, काच बसली ना? मग थांबायचं कशासाठी?”

“मालक, काच बसली. अजून धरली नाही.”

त्याने नळीवरचा बारीक इंग्रजी मजकूर आम्हांला वाचून दाखविला. हे द्रव्य हवेतील ओलावा शोषून आवळते. हवा दमट आणि उबदार असेल तर लवकर. थंड आणि कोरडी असेल तर उशिरा. आदिलाबादचा हिवाळा तेलंगणात नावाजलेला आहे. येथे रात्री पारा एक आकडी उतरतो आणि हवा कोरडी असते. शिवाय महामार्गाला लागेपर्यंतचा रस्ता खाचखळग्यांचा. काच अर्धवट धरलेली असताना गाडी आपटली, किंवा सगळ्या काचा बंद ठेवून कोणी दार आदळले, तर आतली हवा काचेला बाहेर लोटते. काच लगेच पडणार नाही, पण कोठेतरी केसाएवढी फट पडेल. ती दिसणार नाही. जुलैत पाणी आले म्हणजे कळेल. “तेव्हा तुम्ही मला फोन करणार, आणि मी म्हणणार की मी सांगितलं होतं. ते भांडण मला नको,” असे तो हसत म्हणाला. त्याने अजून मजुरी घेतलेली नव्हती. मेहुण्यांनी ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ असे म्हणून पाहिले, त्यावर त्याने नुसती मान हलविली.

हा तिढा सासूबाईंनी सोडविला. पडवीतल्या बाजेवरून त्या म्हणाल्या, “अरे, डॉक्टरांनी सकाळी दहाची वेळ दिली आहे, रात्री बाराची नाही. पहाटे निघू. माझा डोळा एवढा थांबेल.”

पहाटे पाच वाजता गाडी निघाली, आणि दहाच्या आधी मंडळी रुग्णालयात पोहोचली. इंजेक्शन वेळेवर झाले. पावसाळाही होऊन गेला. डिकी कोरडी आहे.

या प्रसंगात आम्हांला विचार करण्याजोगे जे वाटले ते असे. ‘दृष्टीआड सृष्टी’ असे आपण म्हणतो, ते काचेच्या कामाला अक्षरशः लागू आहे. आपण पाहतो ती काच. काम मात्र काचेखाली, आच्छादनामागे झालेले असते, आणि एकदा काच बसली की ते कोणालाही दिसत नाही. प्राइमर लावले की नाही, नळीची मुदत उलटली होती काय, जुना थर किती तासला, हे सारे झाकले जाते. बाहेरून दोन्ही कामे सारखीच चकचकीत दिसतात. अशा धंद्यात प्रामाणिकपणाचा साक्षीदार फक्त कारागीर स्वतः असतो. दुकानात निदान एखादा मालक देखरेख करतो. गावोगाव फिरणाऱ्याला तीही नाही. गिऱ्हाईक घाईत, पैसे तयार, आणि चार तासांनी आपण दुसऱ्या गावी. अशा वेळी ‘न्या साहेब, काही होत नाही’ म्हणणे किती सोपे! तो तरुण तसे म्हणाला नाही, यात त्याचे सारे शिक्षण आले.

दारी येणारा कारागीर आपल्याला नवा नाही. कल्हईवाला भाता मांडून ओसरीसमोर बसे. पाथरवट जाते-पाटा टाकवून देई. पिंजारी गाद्यांचा कापूस पिंजून जाई. आणि कासार तर खुद्द काचच घेऊन येई. त्यांच्या कामाची पारखही घरात होती. कल्हई राखेने घासली तर उतरते का, पाट्याचे टाके एकसारखे पडले का, हे घरची वडीलधारी बाई जवळ उभी राहून पाहत असे. ते कारागीर गेले आणि त्यांच्यासोबत आपली पारखही गेली. आता नव्या रूपात कारागीर पुन्हा दारी येऊ लागला आहे; तेव्हा ती पारखही पुन्हा मिळविली पाहिजे.

काचेच्या धंद्याशी तर मराठी माणसाचा संबंध अभिमानाचा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योगासाठी पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. तेथे केवळ काच तयार झाली नाही, काच करणारी माणसेही तयार झाली. पुढे कऱ्हाडजवळील ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचला. आमच्या सीमेवरच्या खेड्यांत वीज येण्यापूर्वी मुलांनी अभ्यास केला तो अशा कंदिलांच्या काचेआडच्या उजेडात. आज तळोजे आणि चाकण या भागांत मोटारींच्या काचांचे मोठे कारखाने आहेत. तेथे होणारी काच आदिलाबादेत नीट बसावी, यासाठी गावोगाव शिकलेले हात लागतील. आमच्या जिल्ह्यात सरकारी मराठी शाळा अजून चालू आहेत. १९५६ साली किनवट व राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघून तिकडे गेले, तरी येथे मराठी उरली. त्या शाळांतून निघणाऱ्या मुलांचे आईबाप आम्हांला विचारतात, ‘सर, पुढे काय?’ कचेरीतल्या खुर्चीखेरीज उत्तरच नसते, अशी समजूत आपण मुलांची करून दिली आहे. नळीवरचा मजकूर वाचणारा, हवामान ओळखणारा आणि ‘अजून धरली नाही’ असे निर्भयपणे सांगणारा तो तरुण हेही एक उत्तर आहे.

वाचकांच्या उपयोगासाठी चार गोष्टी येथे नोंदवितो.

काच फुटताच प्रथम छायाचित्रे घ्यावीत, मगच चुरा आवरावा. हातमोजे आणि जाड पायताण घातल्याशिवाय आवरू नये, आणि लहान मुलांना त्या आसनावर बसवू नये. उघडी बाजू जाड प्लॅस्टिकने झाकावी. पण उन्हात उभ्या गाडीच्या रंगावर चिकटपट्टी फार काळ ठेवू नये, रंग उचलला जातो. चोरीसाठी काच फोडली असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवावी.

विमा केवळ त्रयस्थ पक्षाचा असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असेल तर कंपनीला आधी कळवून, तिची संमती घेऊनच काम सुरू करावे. आपल्याकडील विम्याच्या सर्वसाधारण अटींत काचेच्या भागांवर घसारा कापीत नाहीत. रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर मात्र निम्मा कापतात. तरीही दावा केला की विनादावा सवलत जाते. ही सवलत पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोहोचलेली असते. म्हणून काचेचा खर्च आणि जाणारी सवलत यांचा हिशेब मांडूनच दावा करावा की नाही ते ठरवावे.

नवी काच बसण्यापूर्वी तिच्या कोपऱ्यातील छाप पाहावा. भारतीय मानक संस्थेचे चिन्ह व २५५३ हा मानक क्रमांक तेथे असावा. मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असा नियम आहे. तेव्हा नव्या काचेवर काळा कागद चढविण्याचा मोह टाळावा.

काम झाल्यावर कारागिराला एकच प्रश्न विचारावा: गाडी केव्हा हलवायची? काही द्रव्ये तासाभरात पुरेशी धरतात, काहींना रात्र लागते. त्याने सांगितलेली वेळ पाळावी. तोवर एका दाराची काच बोटभर उघडी ठेवावी, दारे आदळू नयेत, आणि एक-दोन दिवस गाडी धुऊ नये. पुढच्या काचेच्या बाबतीत तर ही वेळ जिवाची आहे. कारण अपघातात शेजारच्या आसनापुढची हवेची पिशवी फुगते ती त्या काचेचाच आधार घेऊन.

शेवटी एक विनंती. हा माणूस दूरवरून, आपल्या अडचणीच्या वेळी येतो. त्याला सावलीची जागा द्यावी, चहापाणी विचारावे, मजुरीवरून घासाघीस आधीच संपवावी. आणि तो ‘थांबा’ म्हणाला तर थांबावे. तो थांबण्याचे पैसे घेत नाही.